आकाशातली रेघ कधीची?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. गुढ्या उतरवून झाल्या होत्या, माणसं अंगणात, गच्चीवर, रस्त्यावर होती. पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून खानदेशापर्यंत आणि पलीकडे मध्य प्रदेशातही आकाशातून जळते गोळे एकामागोमाग एक, शेपट्या ओढत सरकताना दिसले. शेकडो हात खिशातल्या मोबाईलकडे गेले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं मोकळ्या जागेत पडलेलं सापडलं. मग तर्क सुरू झाले. कुणी उल्का म्हणालं, कुणी जळतं विमान, तर कुणी त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या रॉकेटचा तुकडा असेल असं सुचवलं. या सगळ्यांतून उत्तर निवडलं ते वेळेने. उल्का वातावरणात सेकंदाला किमान अकरा किलोमीटर वेगाने घुसते आणि बहुतेकदा दोन-चार सेकंदांत विझते. पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून उतरणारी वस्तू त्याहून हळू आणि जवळजवळ आडवी येते, म्हणून ती मिनिटभरही दिसत राहू शकते. व्हिडिओतले गोळे रेंगाळत होते, म्हणजे उल्का बाद झाली. उरल्या माणसाने वर पाठवलेल्या वस्तू. त्यांतल्या चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला, तिसरा टप्पा नेमका त्याच तासाच्या आसपास वातावरणात शिरेल असा अंदाज होता. अंतराळ उड्डाणांची बारकाईने नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी ही सांगड घालून दिली.

या घटनेत मला जे महत्त्वाचं वाटतं तेच या लेखाचं म्हणणं आहे. उपग्रहांचे फोटो काढायचे म्हटलं की पहिली चर्चा होते ती कॅमेऱ्याची. कोणती लेन्स, किती मेगापिक्सेल, ट्रायपॉड कोणता. मात्र डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाच्या फोटोचं मोल ठरतं ते कॅमेऱ्याच्या घड्याळावर. तो कुठून काढला आणि नेमका केव्हा काढला, हे माहीत असेल तर साध्या मोबाईलवरची पांढरी रेघ हे मोजमाप होतं. माहीत नसेल तर महागड्या कॅमेऱ्यातली तीच रेघ निव्वळ चित्र राहते. चित्र असण्यात वाईट काही नाही. पण जी गोष्ट जवळजवळ फुकटात मोजमाप होऊ शकते, तिला चित्रावरच सोडून देणं हे नुकसान आहे, आणि ते आपण रोज करतो आहोत.

उपग्रह स्वतः प्रकाशत नाही, तो उन्हात चमकतो. म्हणून तो दिसायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: खाली आपल्याकडे अंधार आणि वर चारशे-पाचशे किलोमीटरवर अजून ऊन. हा योग सूर्यास्तानंतरच्या आणि सूर्योदयाआधीच्या तासा-दीड तासात जुळतो. युरोपात उन्हाळ्यात सूर्य क्षितिजाखाली फार खोल जात नाही, त्यामुळे तिथे खालच्या कक्षेतले उपग्रह रात्रभर दिसतात. महाराष्ट्रात सूर्य सरळ खाली बुडतो, त्यामुळे आपल्याला मिळणारी वेळ आखूड असते. पावसाळ्याचे चार महिने तर धरूच नयेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम. त्या दिवसांत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक कधीकधी शुक्राइतकं ठळक दिसतं, न लुकलुकता चार-सहा मिनिटांत आकाश ओलांडतं, आणि कधी ऐन डोक्यावर असतानाच मंद होत विझून जातं. ढगाआड गेलं असं वाटतं, पण तेवढ्यात ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं. सावलीत शिरण्याचा तो क्षण काही सेकंदांच्या अचूकतेने आधी सांगता येतो. हेव्हन्स अबव्हसारख्या संकेतस्थळावर आपल्या गावाचं नाव टाकलं की वेळ, दिशा आणि उंची फुकट मिळते.

आता कॅमेऱ्याकडे वळू. नवख्यांची सर्वांत मोठी गैरसमजूत एक्स्पोजरबद्दल असते. तारे जास्त यावेत म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं, तसंच उपग्रहासाठीही करावं, असं त्यांना वाटतं. पण तारा त्याच जागी थांबून आपला प्रकाश साठवत राहतो, उपग्रह थांबत नाही. स्थानक माथ्यावर असताना सेकंदाला जवळजवळ एक अंश सरकतं. मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्यात एक पिक्सेल साधारण एका कलेएवढं, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढं, आकाश व्यापतो. म्हणजे स्थानकाचा प्रकाश प्रत्येक पिक्सेलवर सेकंदाचा जेमतेम साठावा भाग पडतो आणि पुढे जातो. शटर पाच सेकंद उघडं ठेवा की तीस सेकंद, त्या पिक्सेलला मिळणारा प्रकाश तेवढाच. एक्स्पोजर वाढवलं तर रेघ लांबते, उजळत नाही. उजळतं ते भोवतालचं आकाश, आणि शहरात तर रेघ त्या पिवळट धुरकटपणात बुडूनच जाते. रेघ उजळायची असेल तर मोठं छिद्र आणि थोडा जास्त आयएसओ, एवढंच कामाला येतं. एफ २ च्या आसपासचं छिद्र, आयएसओ ८०० ते १६००, चार-पाच सेकंद, आणि ट्रायपॉड नसेल तर कठड्यावर टेकवलेला मोबाईलसुद्धा चालतो. फोकस मात्र अंधारात आपोआप बसत नाही. व्याधासारखा ठळक तारा पडद्यावर मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा दिसेपर्यंत हाताने बसवावा लागतो.

पाच सेकंदांत पाच अंशांची रेघ उमटते; पौर्णिमेचे दहा चंद्र ओळीने मांडले तर जेवढी जागा घेतील तेवढी. तिच्या मागे तारे असतात, आणि प्रत्येक ताऱ्याची जागा ठाऊक असते. ॲस्ट्रोमेट्री डॉट नेट नावाची मोफत प्रणाली फोटोतले तारे ओळखून कोणता पिक्सेल आकाशातला कोणता बिंदू, हे सांगते. मग रेघेच्या एका टोकाची जागा एका कलेपर्यंत वाचता येते. चारशे वीस किलोमीटरवर एक कला म्हणजे सुमारे एकशे वीस मीटर. साध्या मोबाईलने, गच्चीवरून, स्थानकाची दिशा एवढ्या बारकाईने पकडली, ही गोष्ट छोटी नाही. पण ते टोक म्हणजे शटर उघडण्याचा क्षण, आणि तो क्षण कोणता? स्थानकाचा वेग सेकंदाला ७.६ किलोमीटरांहून जास्त आहे. घड्याळ एक सेकंद चुकीचं असेल तर आपलं मोजमाप साडेसात किलोमीटरने चुकतं. लेन्सची चूक एकशे वीस मीटर, घड्याळाची साडेसात हजार मीटर. ही तफावत साठपट आहे. दुप्पट महाग लेन्स घेऊन पहिला आकडा निम्मा करता येईल, पण दुसरा जागचा हलणार नाही. माझ्या म्हणण्याचा सगळा आधार या साध्या गुणाकारात आहे.

घड्याळ बिघडतं कुठे, तेही जवळून पाहावं. मोबाईलचं घड्याळ नेटवर्कवरून आपोआप लागतं आणि बहुधा सेकंदाच्या आतबाहेर बरोबर असतं. मोठ्या कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र कधीतरी हाताने लावलेलं, महिन्याला काही सेकंद घसरणारं, आणि कितीतरी कॅमेऱ्यांत तर आधीच्या मालकाने किंवा दुकानाने लावलेल्या वेळेवरच चालणारं असतं. त्यात फाइलमध्ये वेळ बहुतेकदा पूर्ण सेकंदांत नोंदली जाते. बटण दाबणं आणि शटर उघडणं यांत अंतर असतं, दोन सेकंदांचा टायमर लावला असेल तर ते आणखी वाढतं. मोबाईलचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. त्यातही सेकंदाचा एखादा बारीक हिस्सा जातो. यावर उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सांभाळली जाते आणि इंटरनेटवरून कुणालाही मिळते. ती वेळ सेकंदाच्या दशांशांसह एका पडद्यावर दाखवून, उपग्रह येण्याआधी आणि गेल्यानंतर त्याच कॅमेऱ्याने त्या पडद्याचा फोटो घ्यायचा. फाइलमधली वेळ आणि पडद्यावरची वेळ यांतला फरक हीच आपल्या घड्याळाची चूक. ती वजा करायची. त्याहून बरं म्हणजे फोटोऐवजी व्हिडिओ घ्यायचा आणि त्याच व्हिडिओत आधी पडद्यावरचं घड्याळ, मग आकाश टिपायचं. मधल्या चौकटी मोजल्या की प्रत्येक क्षणाचा हिशेब लागतो. आणि एकटा फोटो कधी काढू नये. रेघेची सुरुवात कोणती आणि शेवट कोणता हे एका फोटोवरून कळत नाही, पाठोपाठ दोन काढले की लगेच कळतं.

ही जाण उपग्रहयुगाइतकीच जुनी आहे. १९५६ साली, पहिला उपग्रह उडण्याआधीच, अमेरिकेतल्या स्मिथसोनियन वेधशाळेचे फ्रेड व्हिपल यांनी हौशी निरीक्षकांची ‘मूनवॉच’ मोहीम उभी केली. पथकातली माणसं लहान दुर्बिणी घेऊन दक्षिणोत्तर ओळीत बसत, समोर उंच खांब रोवलेला असे, उपग्रह त्या रेषेवरून जाताच निरीक्षक खूण करी, आणि ती खूण टेपरेकॉर्डरवर रेडिओच्या वेळसंकेताबरोबरच नोंदली जाई. दुर्बिणी साध्या, सगळी मदार त्या टेपवरच्या वेळेवर. त्याच वेधशाळेने पुढे जगभर बारा ठिकाणी बेकर-नन नावाचे खास कॅमेरे बसवले. त्यांतला एक भारतात, नैनितालला होता. अर्धा मीटर छिद्राचा, काही टन वजनाचा हा कॅमेरा आपल्या काळातला सर्वांत ताकदवान उपग्रहदर्शी होता, आणि तरीही त्याच्या फिल्मच्या चौकटीवर उपग्रहाशेजारी घड्याळाची नोंदही उमटत असे. एवढी मोठी लेन्स असूनही तिच्या निर्मात्यांनी घड्याळाला चित्राबाहेर ठेवलं नाही. इंग्लंडमध्ये फार्नबरो इथे डेस्मंड किंग-हेल यांनी तर द्विनेत्री आणि स्टॉपवॉच घेऊन बसणाऱ्या स्वयंसेवकांच्या नोंदीही आपल्या कामात वापरल्या. उपग्रहांच्या कक्षा कशा हळूहळू बदलतात यावरून त्यांनी वरच्या विरळ वातावरणाची घनता काढली, आणि पृथ्वी उत्तरेकडे किंचित निमुळती, नासपतीच्या आकाराची आहे, या १९५९ साली समोर आलेल्या शोधाला जास्त काटेकोर आकडे दिले. गच्चीवरच्या माणसाच्या हातातल्या स्टॉपवॉचचा ग्रहाच्या आकाराशी असा थेट संबंध आला.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की हे सगळं त्या काळी ठीक होतं. आज अमेरिकेकडे शक्तिशाली रडार आहेत, त्यांची यादी इंटरनेटवर आहे, इस्रोचीही स्वतःची निरीक्षणव्यवस्था आहे, मग हौशी माणसाच्या फोटोची गरज कोणाला? आक्षेपात तथ्य आहे. नेहमीच्या उपग्रहांच्या कक्षा रडार आपल्यापेक्षा कितीतरी चांगल्या काढतं. पण त्या जाहीर यादीत अमेरिकेच्या स्वतःच्या गुप्त उपग्रहांच्या कक्षा नसतात. त्या ठाऊक आहेत त्या मुख्यतः हौशी निरीक्षकांच्या वेळ लावलेल्या फोटोंमुळे. २९ ऑगस्ट २०१९ रोजी इराणमधल्या सेमनानच्या तळावर उड्डाणाआधीच रॉकेटचा स्फोट झाला, आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्या जळालेल्या तळाचा अतिशय स्पष्ट फोटो जाहीर करून टाकला. नेदरलँड्समधले मार्को लँगब्रोक आणि इतर निरीक्षकांनी त्या फोटोतल्या सावल्यांवरून वेळ आणि गोल चौथऱ्याच्या तिरकेपणावरून कॅमेऱ्याची दिशा काढली. ती वेळ आणि ती दिशा ‘यूएसए २२४’ या गुप्त उपग्रहाच्या मार्गाशी जुळली. तो मार्ग त्यांच्याकडे होता, कारण वर्षानुवर्षं तो उपग्रह जाताना त्यांनी त्याच्या वेळा नोंदल्या होत्या. दुसरी गोष्ट तेजाची. उपग्रह कुठे आहे हे रडार सांगतं, पण तो डोळ्याला आणि दुर्बिणीला किती त्रास देतो हे सांगत नाही. २४ मे २०१९ ला पहिले साठ स्टारलिंक उपग्रह उडाले, त्याच रात्री लँगब्रोक यांनी पाळतीच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याला जुनी ५० मिमीची लेन्स लावून त्यांची रांग टिपली. कक्षा अजून जाहीर नव्हती, त्यांनी ती स्वतः गणित करून काढली होती. ती चित्रफीत जगभर गेली आणि रात्रीच्या आकाशाचं काय होणार हा प्रश्न सामान्य माणसाच्या बोलण्यात आला. पुढे २०२२ साली चौसष्ट चौरस मीटरचा अँटेना उघडणारा ‘ब्लूवॉकर ३’ उपग्रह गेला. तो आकाशातल्या सर्वांत ठळक ताऱ्यांच्या पंक्तीत बसण्याइतका तेजस्वी होतो, हे २०२३ साली ‘नेचर’मध्ये छापून आलं, आणि त्या निबंधासाठी व्यावसायिकांबरोबर हौशी निरीक्षकांची मोजमापंही वापरली गेली.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. गुप्त उपग्रहांच्या वेळा काढणं हे देशाच्या सुरक्षेला घातक नाही का? मला हा युक्तिवाद पटत नाही. ज्याच्यापासून लपायचं आहे त्या देशाकडे रडार आणि दुर्बिणी आहेतच. गच्चीवरच्या मोबाईलला जे दिसतं ते त्याला कधीच दिसलेलं असतं. उपग्रह सगळ्यांच्या डोक्यावरून जातो, आणि जे सगळ्यांच्या डोक्यावरून जातं त्याची नोंद फक्त पाठवणाऱ्याने ठेवावी, हे मला न्याय्य वाटत नाही. वर पाठवलेल्या वस्तूंची नोंद करण्याचा आंतरराष्ट्रीय करार १९७६ पासून अमलात आहे. त्या नोंदी खऱ्या आहेत की नाहीत, पाठवणाऱ्याने सांगितलेल्या कक्षेतच वस्तू आहे की नाही, हे बाहेरच्या कुणीतरी तपासायला हवंच. लाडबोरीत पडलेलं कडं कुणाच्या घरावरही पडू शकलं असतं. ज्या गावांवर तुकडे पडतात त्या गावांना ते कुठून आले हे स्वतःच्या पुराव्यानिशी सांगता आलं पाहिजे.

तिसरा आक्षेप विश्वासाचा आहे. आजकाल कुणीही आकाशात रेघ काढून फोटो बनवील, मग हौशी फोटोवर भरवसा का ठेवावा? इथेही घड्याळच उपयोगी पडतं. वेळ आणि ठिकाण नसलेला फोटो बनावट आहे की नाही हे ठरवायला काहीच आधार नसतो. वेळ असलेला फोटो गुरुत्वाकर्षणाच्या नियमाला बांधला जातो. मुंबई आणि पुणे यांच्यात सरळ रेषेत सुमारे एकशे वीस किलोमीटर अंतर आहे. दोन्ही शहरांतून एकाच क्षणी माथ्याजवळच्या स्थानकाचा फोटो घेतला तर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर ते सोळा अंशांनी सरकलेलं दिसेल. एका गच्चीवरून मृगाच्या खांद्याजवळ असेल तर दुसऱ्या गच्चीवरून मृग ओलांडून पार पुढे गेलेलं. त्या सोळा अंशांवरून शाळेच्या त्रिकोणमितीने स्थानकाची उंची निघते. स्थानक वायव्येकडून आग्नेयेकडे, म्हणजे साधारण मुंबईहून पुण्याच्या दिशेने जात असेल आणि दोन घड्याळांत एका सेकंदाचा फरक असेल, तर एक अंश इकडचा तिकडे होतो आणि उंची सुमारे पंचवीस किलोमीटरने चुकते. खोटं बोलणाऱ्याला ही भूमिती सांभाळणं अवघड आहे. दोन अनोळखी माणसांची खरी मोजमापं मात्र एकमेकांशी आपोआप जुळतात. अकरावीच्या दोन वर्गांनी, दोन शहरांतून, एका हिवाळी संध्याकाळी हा प्रयोग करावा. त्याला खर्च नाही, आणि त्रिकोणमिती कशासाठी शिकायची या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरं ठाऊक नाही.

कुणी म्हणेल, माणसं आनंदासाठी फोटो काढतात, त्यावर हिशेबाचं ओझं कशाला? आनंद त्याने कमी होत नाही. शटर उघडण्याआधी अर्धा मिनिट घड्याळाला द्यायचं, एवढंच ते ओझं.

आणि पाडव्याच्या त्या संध्याकाळचा धडा याहूनही साधा आहे. ज्यांनी ते जळते गोळे टिपले त्यांच्या मोबाईलमधल्या मूळ फायलींत वेळ होती, ठिकाणही असू शकत होतं, चौकटीत घराचा कोपरा, विजेचा खांब, एखादं झाड होतं. त्यांच्या आधाराने दिशा आणि उंची मोजता येते. पण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पुढे पाठवलेला फोटो आकसतो आणि त्याच्यासोबतची वेळ-ठिकाणाची नोंद गळून पडते. चार गटांतून फिरून आलेला व्हिडिओ कुठला आणि केव्हाचा, हे कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी आकाशातून असं काही जाताना दिसलं तर मोबाईल स्थिर धरा, चौकटीत जमिनीवरची एखादी न हलणारी वस्तू येऊ द्या, आणि व्हिडिओ संपताच तुम्ही कुठे उभे होता ते लिहून ठेवा. पाठवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ फाइल पुसू नका.